झोंप आणि प्रार्थना : ख्रिस्ती मठांच्या इतिहासांतील एक प्रकरण

आमच्या गल्लींत एक वृद्ध ख्रिस्ती बाई राहतात. पस्तीस वर्षें परिचारिकेचें काम करून त्या निवृत्त झाल्या. गल्लींतील लहानथोर त्यांना सिस्टर म्हणतात आणि मला मास्तर. मागील पावसाळ्यांत एके दिवशीं संध्याकाळीं ओट्यावर बसलों असतां त्यांनीं मला विचारलें, "मास्तर, तुम्हीं आयुष्यभर इतिहास शिकवलात. एवढें सांगा. रात्रीं सगळी आवराआवर झाली म्हणजे साडेदहाला मी प्रार्थनेला बसतें, आणि दुसऱ्या ओळीवरच माझे डोळे मिटतात. जुने संत तर म्हणे रात्रभर जागत. माझ्या भक्तींतच कांहीं खोट आली असेल का?"

मी ख्रिस्ती नाहीं, आणि माझें शिक्षणही मॅट्रिकपर्यंतचेंच. धर्मोपदेश करण्याचा मला अधिकार नाहीं. परंतु 'जुने संत रात्रभर जागत' हें विधान धर्माचें नसून इतिहासाचें आहे, आणि अशा विधानाची तपासणी करण्याची खोड शिक्षकाला जन्मभर सुटत नाहीं. म्हणून त्या दिवसापासून या विषयावर मिळालें तें वाचीत गेलों. त्यांतून जें हातीं आलें तें आज आपल्यापुढें ठेवीत आहें. त्याचें सार आधींच सांगतों. संत जागले हें खरें आहे. परंतु ज्यांनीं झोंपेशीं युद्ध पुकारलें त्यांनाच, किंवा त्यांच्या शिष्यांना, अखेर तिच्याशीं तह करावा लागला. आणि प्रार्थनेला स्थिरता आली ती त्या तहानंतर.

प्रथम मुळाकडे जाऊं. ख्रिस्ती पवित्र शास्त्रांत झोंपेचीं तीन चित्रें विशेष ठळक आहेत. पहिलें गेथशेमाने बागेंतलें. मरणापूर्वींच्या रात्रीं येशू ख्रिस्त व्याकुळ होऊन प्रार्थना करीत आहे. जवळच्या तिघा शिष्यांना त्यानें जागें राहण्यास सांगितलें आहे. पण तो तीनदां परत येऊन पाहतो तों ते झोंपलेले. पुढील साधकांच्या मनांत झोंपेविषयीं जी अपराधाची भावना बसली, तिचें मूळ बरेंचसें या प्रसंगांत आहे. तथापि ज्याला परंपरा वैद्य समजते तो लूक याच ठिकाणीं एक बारीक गोष्ट नोंदवितो. शिष्य झोंपले होते ते दुःखानें, असें तो म्हणतो. आळसाचा आरोप त्यानें त्यांच्यावर केलेला नाहीं.

दुसरें चित्र गालील सरोवरांतलें. वादळ उठलें आहे, लाटा नावेंत शिरत आहेत, शिष्य घाबरून गेले आहेत, आणि येशू नावेच्या मागील भागीं उशीवर डोकें ठेवून झोंपला आहे. येथें झोंप ही दुर्बलता नव्हे. ती विश्वासाची खूण आहे. तिसरें चित्र याहून कितीतरी जुनें. ईजबेल राणीच्या भीतीनें एलीया संदेष्टा रानांत पळून जातो, एका झुडपाखालीं बसतो आणि देवाजवळ मरण मागतो. त्या वेळीं देव त्याला उपदेश करीत नाहीं. एलीया झोंपतो. दूत येऊन त्याला स्पर्श करतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचें भांडें पुढें ठेवतो. तो खातो, पितो आणि पुन्हां झोंपतो. दूत त्याला दुसऱ्यांदा उठवून खाऊं घालतो. त्यानंतर चाळीस दिवसांची वाट चालून तो होरेब पर्वतावर पोंचतो, आणि तेथें वारा, भूकंप व अग्नि होऊन गेल्यावर अत्यंत मंद अशा वाणींत त्याला देवाचें बोलणें ऐकूं येतें. हा क्रम पाहण्यासारखा आहे. आधीं झोंप, मग अन्न, मग वाटचाल, आणि शेवटीं ती मंद वाणी.

ज्यू लोकांचा दिवस सूर्यास्तानें सुरू होतो हेंही येथें लक्षांत ठेवावें. आपला दिवस उठण्यानें सुरू होतो आणि थकून झोंपण्यानें संपतो. त्यांच्या दिवसाचा आरंभच विश्रांतीनें होतो. माणूस निजलेला असतां देवाचें काम चालू आहे, आणि सकाळीं उठून माणूस त्यांत सामील होतो, असा त्यांतून अर्थ निघतो.

आतां प्रत्यक्ष इतिहासाकडे वळूं. इ. स. ३१३ सालीं रोमन साम्राज्यांत ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली आणि छळाचे दिवस संपले. चवथ्या शतकांत शहरांतील सुखवस्तु धर्माचा वीट येऊन हजारों माणसें ईजिप्तच्या वाळवंटांत एकांतवासासाठीं गेलीं. प्रभु केव्हां येईल याचा नेम नाहीं, म्हणून सेवकानें जागें असावें, ही शिकवण त्यांनीं अक्षरशः घेतली. भूक, वासना आणि झोंप हे त्यांचे तीन शत्रु ठरले. थोर अँटनी पुष्कळदां सबंध रात्र जागून काढी, असें त्याच्या चरित्रांत आहे. मठांची पहिली मोठी व्यवस्था लावणारा पाखोमियस याच्या अनुयायांनीं आडवें न होतां, पाठीला टेकण असलेल्या बांधीव आसनांवर बसूनच झोंपावें, असा प्रघात सांगितला आहे. बादशहाच्या मुलांचा शिक्षक म्हणून ज्याची ख्याति होती तो अर्सेनियस सर्व वैभव टाकून वाळवंटांत आला. शनिवारीं मावळत्या सूर्याकडे पाठ करून तो हात पसरून प्रार्थनेला उभा राही, तो रविवारीं सूर्य समोरून तोंडावर येईपर्यंत. खऱ्या लढवय्या साधकाला एक तास झोंप पुरे, असें त्याचें मत होतें.

सिस्टरांच्या कानांवर आलेल्या गोष्टी त्या याच. परंतु इतिहास येथें थांबत नाहीं. याच वाळवंटांत अलेक्झांड्रियाचा मॅकॅरियस नांवाचा एक तपस्वी होता. दुसऱ्या कोणीं एखादें कठीण व्रत केल्याचें ऐकलें कीं तें त्याहून अधिक करून दाखवावयाचें, असा त्याचा स्वभाव. झोंप जिंकावयाचीच असा निश्चय करून तो वीस दिवस छपराखालीं गेला नाहीं. दिवसा उन्हानें भाजावें आणि रात्रीं थंडीनें काकडावें, असें चाललें. मग काय झालें? त्यानें स्वतः पॅलेडियस या शिष्याला सांगितलें कीं, आणखी थोडा वेळ मी छपराखालीं जाऊन झोंप घेतली नसती तर माझा मेंदू सुकून मला कायमचें वेड लागलें असतें. माझ्या हातीं होतें तेवढें मीं जिंकलें, पण निसर्गाला झोंप लागते तेथें मला माघार घ्यावी लागली. पॅलेडियसनें सुमारें ४२० सालीं लिहिलेल्या ग्रंथांत ही हकीकत दिली आहे. प्रयोग करणाऱ्यानेंच त्याचा निकाल असा निर्मळपणें सांगावा, हें मला त्याच्या वीस रात्रींच्या जागरणाहूनही मोठें वाटतें.

आणि याच वाळवंटांतली आणखी एक गोष्ट आहे. पीमेन या वडीलधाऱ्या साधूकडे कांहीं म्हातारे आले आणि त्यांनीं विचारलें, "सामुदायिक प्रार्थनेच्या वेळीं एखादा बंधु डुलक्या घेत असला तर त्याला चिमटा काढून जागें करावें ना?" पीमेननें सांगितलें कीं, मी तर असा बंधु दिसला म्हणजे त्याचें डोकें माझ्या मांडीवर घेतों आणि त्याला विसांवा देतों.

ही गोष्ट वाचली आणि पुस्तक मिटून मी बराच वेळ तसाच बसून राहिलों. नोकरीच्या पहिल्या वर्षांतली गोष्ट मला आठवली. सातवीच्या वर्गांत एक मुलगा पहिल्या तासाला हटकून पेंगत असे. मीं त्याला बाकावर उभें करीत असें, आणि वर्ग हंसे. कितीदां केलें असेल तें आतां सांगतां येत नाहीं. वर्ष सरत आलें तेव्हां शाळेच्या शिपायाकडून मला कळलें कीं, त्याचे वडील अंथरुणाला खिळलेले होते आणि तो रोज पहांटे साडेतीनला उठून घरोघर दूध घालीत असे. त्या दिवसापासून मीं त्याला उभें करणें बंद केलें. परंतु आपली चूक झाली हें त्याच्याजवळ बोलून दाखविण्याचें धैर्य मला झालें नाहीं. जूनमध्यें शाळा उघडली तेव्हां तो आला नाहीं. पंधराशें वर्षांपूर्वींच्या एका निरक्षरप्राय वाळवंटांत माणसाला जें समजलें होतें, तें शिक्षणाचें प्रमाणपत्र खिशांत असलेल्या मला समजलें नव्हतें.

पांचव्या शतकांत कॉन्स्टंटिनोपल येथें एक विलक्षण मठ निघाला. त्यांतील साधूंना 'न झोंपणारे' असेंच म्हणत, कारण त्यांच्या मठांत देवाची स्तुति रात्रंदिवस क्षणभरही खंडित होत नसे. नांव ऐकून आपल्याला वाटावें कीं हे लोक झोंपेवांचून जगत असतील. वस्तुस्थिति अशी कीं, त्यांनीं आपले गट पाडले होते. एक गट गाऊन थकला कीं दुसरा उभा राही. मठ झोंपत नसे, माणसें पाळीपाळीनें झोंपत. सिस्टरांसारख्या परिचारिकेला हें निराळें सांगावयास नको; रुग्णालयाचें कामही असेंच चालतें.

त्याच सुमारास जॉन कॅसियन यानें ईजिप्तमधील आपले अनुभव गॉल देशांतल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या मठांसाठीं लिहून काढले. आठवड्यांतून एकदां रात्रभर जागरण करण्याचा जो प्रघात होता, त्याविषयीं तो सांगतो कीं, हिवाळ्याच्या लांब रात्रींत वडीलधाऱ्यांनीं शेवटचे जवळजवळ दोन तास मुद्दाम झोंपेसाठीं राखून ठेवले होते. तें न केलें तर दुसरा सबंध दिवस ग्लानींत जाईल, हें त्याचें कारण. रात्रीं चुकविलेलें देणें दिवसा व्याजासह फेडावें लागतें, हा हिशेब त्यांना कळला होता.

हा सर्व अनुभव एकत्र करून त्याला कायद्याचें रूप देणारा पुरुष म्हणजे बेनेडिक्ट. हा इटालींत सुमारें ४८० सालीं जन्मला आणि ५४७ च्या सुमारास वारला. मोंते कॅसिनोच्या डोंगरावर त्यानें मठ स्थापिला. दुसऱ्या महायुद्धांत १९४४ च्या फेब्रुवारींत बाँबहल्ल्यानें हा मठ उद्ध्वस्त झाला आणि युद्धानंतर पुन्हां बांधण्यांत आला. त्या लढाईंत चवथ्या भारतीय डिव्हिजनचे जवान तेथें लढले होते, म्हणून तें नांव आपल्यापैकीं कित्येकांना परिचित असेल. बेनेडिक्टनें आपल्या मठासाठीं ७३ प्रकरणांचा एक नियमग्रंथ लिहिला, आणि पश्चिम युरोपांतील बहुतेक मठ पुढें कित्येक शतकें त्यावर चालले.

या ग्रंथांत झोंपेचा विचार किती बारकाईनें केला आहे, पाहा. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेपासून ईस्टरपर्यंत साधूंनीं रात्रीच्या आठव्या तासाला उठावें. कारणही दिलें आहे. अर्ध्या रात्रीहून थोडी अधिक झोंप व्हावी आणि उठतेवेळीं अन्न पचलेलें असावें. रोमन लोक सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंतच्या काळाचे बारा सारखे भाग करीत. म्हणून हिवाळ्यांत रात्रीचा तास मोठा आणि उन्हाळ्यांत लहान होई. हिवाळ्यांतला आठवा तास म्हणजे आपल्या घड्याळाप्रमाणें सुमारें दोन वाजण्याची वेळ. दोन वाजतां उठणें आपल्याला भयंकर वाटतें. पण हे लोक अंधार पडतांच निजत. म्हणजे साधारण सात-आठ तासांची झोंप त्यांना मिळे. उन्हाळ्यांत रात्र लहान, झोंप कमी. म्हणून ईस्टरनंतरच्या दिवसांत दुपारच्या जेवणावर सर्वांनीं आपापल्या बिछान्यावर निःशब्द पडावें, असा नियम केला. कोणाला वाचावयाचें असेल तर दुसऱ्याची झोंपमोड होणार नाहीं अशा रीतीनें वाचावें, हीही ताकीद आहे.

बिछाना कसा असावा? चटई, लोकरी घोंगडी, पांघरूण आणि उशी. प्रत्येकाला निराळा. खोलींत सकाळपर्यंत एक दिवा तेवत ठेवावा. अंगावरच्या कपड्यांनिशीं, कमरेला पट्टा बांधून निजावें, म्हणजे हांक येतांच उठतां येईल; परंतु कमरेची सुरी काढून ठेवावी, नाहींपेक्षां झोंपेंत इजा होईल. उठतांना एकमेकांना हळूवारपणें धीर द्यावा, कारण झोंपाळू माणसाला सबबी फार सुचतात. रात्रींच्या प्रार्थनेचें आरंभींचें स्तोत्र अगदीं सावकाश म्हणावें, कीं मागें राहिलेल्यांना येऊन पोंचतां यावें. ज्यानें हें लिहिलें त्यानें पहांटेच्या काळोखांत चांचपडत येणारे साधू रोज पाहिले असले पाहिजेत.

तो ढिला मात्र नव्हता. साधूनें झोंपाळू असूं नये, हें त्याच्या उपदेशांत स्पष्ट आहे. त्यानें झोंपेला मोकळें रान दिलें नाहीं. तिला तिची जागा दिली. आपल्याकडे गीतेच्या सहाव्या अध्यायांत अति झोंपणाऱ्याला योग साधत नाहीं आणि अति जागणाऱ्यालाही साधत नाहीं, असें सांगितलें आहे, आणि ज्ञानेश्वरीमुळें तो विचार मराठी घराघरांत पोंचला. बेनेडिक्टला गीता ठाऊक असण्याचा संभव नाहीं. अनुभव मात्र एकच आहे.

या व्यवस्थेंत दिवसाची शेवटची प्रार्थना कोणती होती, हेंही पाहण्यासारखें आहे. आपल्या देवळांत शेजारती होते तशी ही झोंपण्यापूर्वींची लहानशी उपासना. फरक इतकाच कीं, शेजारतींत भक्त देवाला निजवितो, आणि येथें भक्त स्वतःला देवाच्या स्वाधीन करून निजतो. तिच्यासाठीं बेनेडिक्टनें रोज तींच तीन स्तोत्रें नेमून दिलीं, म्हणजे तीं पाठ होऊन दिव्यावांचूनही म्हणतां यावीं. त्यांपैकीं एक निर्भयपणें निजण्याविषयीं आहे आणि दुसरें रात्रीच्या भयापासून रक्षण होण्याविषयीं. ही प्रार्थना संपली कीं मठांत पूर्ण मौन. त्यानंतर कोणीं बोलावयाचें नाहीं. पाहुणा आला किंवा वडिलांची आज्ञा असली तरच अपवाद. शिवाय ज्याच्याशीं भांडण झालें असेल त्याच्याशीं सूर्य मावळण्यापूर्वीं समेट करावा, असाही दंडक होता. म्हणजे झोंपेच्या दारांत पाय ठेवण्यापूर्वीं दिवसाचा राग, भय आणि बडबड हीं बाहेर काढून ठेवावयाचीं. झोंप प्रार्थनेला बळ देते हें आपण आतांपर्यंत पाहिलें. येथें प्रार्थना झोंपेला शांति देते. दोघींचें देणेंघेणें असें दोन्ही बाजूंनीं आहे.

मठाबाहेरच्या सामान्य माणसाचें काय? अमेरिकन इतिहासकार रॉजर एकर्च यांनीं २००१ सालीं एका निबंधांत आणि २००५ सालीं एका ग्रंथांत असें दाखविलें कीं, जुन्या युरोपांत पुष्कळ लोक रात्रींची झोंप दोन हप्त्यांत घेत. पहिली झोंप, मग तासभर किंवा अधिक जाग, मग दुसरी झोंप. त्या मधल्या वेळांत कोणी शेगडी पाही, कोणी बायकोशीं बोलत पडे, आणि कित्येक प्रार्थना करीत. या वेळेसाठीं खास प्रार्थनांचीं पुस्तकेंही निघालीं होतीं. ही चाल सार्वत्रिक होती कीं नाहीं याविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. परंतु थॉमस वेअर या वैद्यानें १९९० च्या सुमारास कांहीं माणसांना रोज चौदा तास अंधारांत ठेवून पाहिलें, तेव्हां कांहीं आठवड्यांनीं त्यांची झोंपही आपोआप अशी दुभंगली, हें खरें. पुढें गॅसचे आणि मग विजेचे दिवे आले, निजण्याची वेळ पुढें ढकलली गेली, आणि ती मधली शांत घटका नाहींशी झाली. आज आपल्याला रात्रीं दोन वाजतां जाग आली कीं आपण तिला रोग समजतों. आमचे कांहीं पूर्वज तिचा उपयोग करीत, एवढें ठाऊक असलें तरी मनाची घालमेल थोडी कमी होते.

बेनेडिक्टचा धडा पुढील लोकांनाही पुन्हां पुन्हां नव्यानें शिकावा लागला. मार्टिन ल्यूथर तरुणपणीं मठवासी होता. विद्यापीठांतील कामामुळें नेमलेल्या प्रार्थना राहून जात. त्या तो सांठवी आणि आठवड्याच्या शेवटीं खोलीचें दार लावून, अन्नपाण्यावांचून, एकदम म्हणून टाकी. शेवटीं डोकें इतकें बिघडलें कीं कित्येक रात्रीं डोळ्याला डोळा लागेना, आणि तो मरतां मरतां वांचला. पुढें १५२९ सालीं त्यानें घरांतील मुलामाणसांसाठीं जें लहानसें धर्मशिक्षणाचें पुस्तक लिहिलें, त्यांत रात्रीच्या प्रार्थनेनंतर काय करावें तें सांगितलें आहे : लगेच आणि आनंदानें झोंपी जावें. ज्याला हें वाक्य साधें वाटतें, त्याला त्यामागच्या रात्रींची कल्पना नाहीं.

अठराव्या शतकांतला जॉन वेस्ली पहांटे चारला उठण्याबद्दल प्रसिद्ध होता. परंतु तें त्यानें आंधळेपणानें केलें नाहीं. त्याला रोज मध्यरात्रीच्या सुमारास जाग येऊन पडून राहावें लागे. आपण गरजेहून अधिक वेळ अंथरुणांत आहों असा तर्क करून त्यानें गजराचें घड्याळ आणलें. पहिल्या दिवशीं सातला उठला, रात्रीं जाग आलीच. दुसऱ्या दिवशीं सहा, मग पांच, मग चार. तेव्हां कोठें रात्रींची जाग थांबली. शरीराला किती झोंप हवी हें ज्यानें त्यानें तपासून ठरवावें, असें त्याचें म्हणणें. निरोगी पुरुषाला सहा तासांहून थोडी अधिक आणि स्त्रियेला सात तासांहून थोडी अधिक, असा त्याचा अंदाज. आजचें वैद्यकशास्त्र प्रौढांना निदान सात तास सांगतें. वेस्लीचा आंकडा आपण सोडून द्यावा. तपासण्याची पद्धति ठेवावी.

शेवटचें उदाहरण एका मुलीचें. फ्रान्समधील लिझ्यू गांवीं तेरेझ नांवाची मुलगी १८८८ सालीं, पंधराव्या वर्षीं, मठांत गेली आणि चोविसाव्या वर्षीं क्षयानें वारली. तिनें आत्मचरित्रांत निखालसपणें कबूल केलें आहे कीं, सात वर्षें तिला प्रार्थनेच्या वेळीं झोंप येत असे. याचें दुःख वाटावयास हवें, असें ती म्हणते. पण तिला तें वाटत नाहीं. आईबापांना लेंकरें जागीं असतांना जितकीं आवडतात तितकींच निजलेलीं असतांनाही आवडतात. आणि शस्त्रक्रिया करावयाची असली म्हणजे वैद्य रोग्याला निजवितोच. पुढें या मुलीला रोमच्या चर्चनें संतपद दिलें.

श्रोतेहो, एवढ्या इतिहासावरून मला जें उमगलें तें थोडक्यांत असें. प्रार्थना म्हणजे, कांहीं झालें तरी, एकाग्र लक्ष. आणि झोंप अपुरी पडली कीं सर्वांत आधीं हें लक्षच ढासळतें. उघड्या डोळ्यांनींही मेंदू कांहीं क्षण झोंपून घेतो, स्मरण मंदावतें, चिडचीड वाढते, हें आज प्रयोगांनीं सिद्ध आहे. थकलेल्या शरीरानें प्रार्थनेंत रात्र काढावी आणि दिवसा शेजाऱ्यावर खेंकसावें, यांत देवाचाही लाभ नाहीं आणि शेजाऱ्याचाही नाहीं. मात्र पुरेशी झोंप घेऊनही दिवसा सारखी ग्लानि येत असेल, तर ती गोष्ट भक्तीची नसून वैद्याकडे नेण्याची आहे.

याहून खोल असा एक अर्थ मला या साधूंच्या अनुभवांत दिसतो. झोंपतांना माणूस हातांतलें सर्व सोडून देतो. घर, नोकरी, मुलांची काळजी, उद्यांचा हिशेब, यांतलें कांहींच त्या सहा-सात तासांत आपल्या ताब्यांत नसतें. जगाचा गाडा आपल्यावांचून चालतो, हें रोज रात्रीं नव्यानें मान्य करावें लागतें. ज्याला हें मान्य करवत नाहीं त्याला झोंप येत नाहीं. आणि मला वाटतें, त्याची प्रार्थनाही बहुधा देवाला सूचना देण्यापलीकडे जात नाहीं.

सिस्टरांना मीं हें सर्व आठ-दहा संध्याकाळीं थोडें थोडें सांगितलें. त्यांनीं ऐकून घेतलें, आणि एक दिवस आपली वेळ बदलली. आतां त्या रात्रीं नऊ वाजतां एकच पाठ असलेलें स्तोत्र म्हणून दिवा मालवितात आणि पहांटे पांचला उठून प्रार्थनेला बसतात. परवां मला म्हणाल्या, "मास्तर, फरक पुष्कळ आहे. पण एखादे दिवशीं पहांटेंही डोळा लागतोच."

मीं म्हटलें, "लागूं द्या, सिस्टर. त्या पीमेनची मांडी अजून आहे."

त्या हंसल्या. मला मात्र त्या वेळीं सातवीचा वर्ग आणि बाकावर उभा असलेला तो मुलगा दिसत होता. तो कोठें असेल तें मला ठाऊक नाहीं. पण जेथें असेल तेथें त्याला रात्रींची पुरी झोंप मिळत असावी, एवढीच माझी इच्छा आहे. आपणां सर्वांनाही ती मिळो.